कमळने सांगितलेला चेहरा

वेसाव्याच्या कोळीवाड्यात कुणाच्या घरी मूल झालं, की पाचवीच्या पूजेला कमळला बोलावणं जायचंच. पूजेपुरतं नव्हे, तोंडवळा वाटायला. पाळण्यातल्या त्या लालबुंद गोळ्याकडे बघून बाकीच्या बाया "गोड हाय गं" म्हणून मोकळ्या व्हायच्या. गोड काय, गूळही असतो. कमळ मात्र वाकून नीट बघायची, बोटाने टोपडं मागे सारायची आणि एकेक अवयव ज्याचा त्याला परत करायची. कपाळ आजोबाचं, भुवया मामाच्या, वाकडा अंगठा काकीच्या माहेरचा. तिने एकदा सांगितलं की ते पक्कं. पोरगं मोठं होऊन लग्नाला उभं राहिलं तरी लोक म्हणायचे, बघ, कमळने पाळण्यातच सांगितलं होतं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

भावाच्या, हरेश्वरच्या, मुलाचा तोंडवळाही तिनेच वाटला होता, चोवीस वर्षांपूर्वी. कृणालचं कपाळ तिच्या बापाचं, नाक हरेश्वरचं, कान आईचे आणि हनुवटी लहानपणी गेलेल्या धाकट्या बहिणीची. "ह्यात नवा कायच नाय," ती तेव्हा म्हणाली होती, "आपल्याच घरातली भांडी. मांडणी तेवढी येगली." कमळला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि भावाच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहू लागली. मधली भिंत एकच. कृणाल त्या घरात जेवायचा आणि या घरात झोपायचा.

आता कृणालने दाढी वाढवली होती, चांगली चार वर्षं. आत्याची गिऱ्हाइकं फोनवर मासे मागवायला लागल्यापासून तो स्कूटरवरून पिशव्या पोचवायचा. जी घरं जुनी होती, ज्यांना डोळ्यांनी बघून पापलेट घ्यायचं असायचं, तिथे अजून कमळ स्वतः पाटी घेऊन जायची.

अंधेरी पश्चिमेच्या एका उंच इमारतीत अशी तीन घरं होती. तिथल्या सोसायटीचा नियम असा की मासेवालीने सामानाच्या लिफ्टनेच जायचं. माशाचा वास इमारतीला चालायचा नाही, ताटात चालायचा. त्या बुधवारी अकरा-साडेअकराला कमळ बाराव्या मजल्यावरून खाली निघाली. नवव्या मजल्यावर दार उघडलं आणि एक माणूस आत आला. तिशीतला, अंगात निळा सदरा, पाठीला पिशवी. पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक हिसका दिला आणि ती थांबली. वीज गेली होती.

सात-आठ मिनिटं दोघं त्या पेटीत अडकून होती. कोपऱ्यात एवढासा दिवा पेटला होता. माणसाला घाम फुटला होता. त्याने घंटेचं बटण दाबलं नाही, ते कमळने दाबलं. मग तो म्हणाला, "मौसी, घबराओ मत, चालू हो जाएगी," आणि तिच्या डोक्यावरची पाटी उतरवायला त्याने हात दिला. कमळ म्हणाली, "बेटा, तेरे को मछली का पानी लगेगा." तो हसला. एवढंच बोलणं झालं. लिफ्ट सुरू झाली, तळाला पोचली, आणि तो झपाझप निघून गेला.

नवव्या मजल्यावरच्या सुगंधाबाई परब तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात डोक्याला खोक पडून बेशुद्ध पडल्या होत्या. हातातल्या बांगड्या गेल्या होत्या. एकट्या राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या, कमळच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. मोलकरीण दुपारी आली तेव्हा कळलं. सामानाच्या लिफ्टमधला कॅमेरा तीन महिन्यांपासून बंद होता, मुख्य लिफ्टमधला मात्र झकास चालू होता. सुगंधाबाई दवाखान्यात शुद्धीवर यायची चिन्हं नव्हती. त्या माणसाला जवळून, निवांत, आठ मिनिटं बघणारं जगात एकच माणूस होतं.

पोलीस ठाण्यात कमळला ज्या खोलीत बसवलं तिला खिडकी नव्हती. जुन्या फायलींचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. फौजदार सावंत मॅडम, गंधाली सावंत, तिशीच्या आतबाहेरच्या, आवाजाने मऊ. त्यांनी चहा मागवला. चित्र काढायला हर्षदसर आले होते. घाटकोपरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि पोलिसांनी बोलावलं की वही-पेन्सिल घेऊन यायचे. घरची भाषा गुजराती. मराठी त्यांना समजायची, पण सावकाश बोललेली. म्हणून सुरुवात हिंदीत झाली.

"नाक कैसा था, मौसी?"

"नाक... छोटा. साधा नाक. थोडा चपटा."

"और आँख?"

"आँख साधा. डर गया था ना, बड़ा किया था."

कमळचं हिंदी म्हणजे बाजाराचं हिंदी. घासाघीस करायला, काट्यावर भांडायला आणि वॉचमनला गप्प करायला ते पुरेसं होतं. माणसाचं थोबाड सांगायला त्यात दहा-बारा शब्द निघाले, तेही सगळे 'साधा' या एका शब्दाला लोंबकळणारे. ती बोलत होती आणि तिच्यासमोर तो माणूस उभा होता, निळ्या सदऱ्याचा, घामेजलेला. तो तिला लख्ख दिसत होता. फक्त तोंडातून निघत नव्हता. हर्षदसरांनी तासाभराने वही फिरवली. कागदावर एक माणूस होता. असा माणूस मुंबईत कुठल्याही बसथांब्यावर चार मिळतील.

सावंत मॅडमनी तो कागद बघून सुस्कारा सोडला. "हे दाखवून कुणाला पकडायचं?" मग त्या कमळकडे वळल्या. "मावशी, हिंदी राहू दे. तुम्ही तुमच्या भाषेत बोला. घरी बोलता तसं, मोकळेपणी. मी सांगते सरांना."

माणसाचं वाटोळं करायला दर वेळी वाईट माणूसच लागतो असं नाही. मॅडमनी हे अगदी भल्या मनाने सांगितलं होतं.

कमळला हायसं वाटलं. तीन तास ती त्या खोलीत होती, सकाळचे उरलेले बोंबील पाटीत वितळत होते, आणि आता कुठे कुणीतरी तिला तिच्या अंगणात बसून बोल म्हणत होतं. ती बोलायला लागली आणि मग थांबेना. तोंडवळा सांगणं हे तिचंच तर काम. "कपाल बग, असा रुंद, वरशी जरा फुगीर. नाक होडीच्या म्होरच्या नालीवानी, फुडं येऊन टोकाला वाकलेला. कान डोक्याला चिकटलेलं, शिवलीच्या शिंपल्यावानी. हनुवटीला मदी खली." मॅडमना कौतुक वाटलं. एका दमात, एकेक गोष्ट खुणेसकट. त्या सरांना हिंदीत सांगत गेल्या, सर खोडत गेले, काढत गेले. नाक कधी लांबलं आणि डोळे कधी लहान झाले हे कुणी विचारलं नाही. पहिलं चित्र कुचकामी ठरलं होतं ना.

दुसरं चित्र पुढे आलं तेव्हा कमळ खुर्चीत पुढे सरकली. माणूस जिवंत होता. दाढी नाही, मिशी नाही, सरळ तिच्याकडे बघत होता. ओळखीचा वाटला. इतका ओळखीचा की हाच तो, याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही.

"हाच," ती म्हणाली, आणि जबाबाखाली सही केली.

ओळखीचा वाटला म्हणजे बघितलेला असणार, एवढाच विचार तिने केला. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तोही केला नसता.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला चित्र दाखवलं. त्याने क्षणभर बघितलं आणि चित्राच्या गालांवर हात ठेवला. "याला दाढी लावा," तो म्हणाला, "हा तर मासे घेऊन येतो. मंगळवारीपण आला होता, नवव्या माळ्यावर." दुपारी चार वाजता कृणालला वाड्यातून उचललं. बुधवारी साडेअकराला कुठे होतास, तर म्हणे खाडीच्या कडेला स्कूटर लावून एकटाच बसलो होतो, फोन घरी चार्जिंगला होता. खरं इतकं पांगळं असतं कधीकधी.

ठाण्यात त्यांनी त्याची दाढी उतरवली. संध्याकाळी हरेश्वर आणि कमळ धावत गेली तेव्हा तो बाकावर बसला होता, गाल पांढरेफटक, जसे चार वर्षांपूर्वी होते. मागच्या भिंतीवर ते चित्र चिकटवलेलं होतं. कमळने चित्राकडे बघितलं, मग पोराकडे. रुंद कपाळ. बापाचं. नाक हरेश्वरचं. आईचे कान. आणि हनुवटीला खळी, जी धाकटीला होती.

तिने त्या दिवशी एकदाही कृणालचा चेहरा सांगितला नव्हता. कपाळ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे बाप आला होता, जाळं विणायला बसलेला. नाक म्हणताना भाऊ. एकेक अवयव तिने एकेका माणसाकडून आणला आणि कागदावर नेऊन ठेवला. आणि तिच्या बापाचं, आईचं, भावाचं, बहिणीचं एकत्र केल्यावर दुसरं काय होणार होतं? ते मांडणारीही चोवीस वर्षांपूर्वी तीच होती. ती तिथेच फरशीवर बसली.

"मॅडम, ह्यो नाय," ती म्हणाली. "मी चुकली. ह्यो माजा भाचा हाय."

सावंत मॅडमनी तिला उठवून खुर्चीत बसवलं. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "मावशी, मला कळतंय. लिफ्टमध्ये भाचा होता. नाव घ्यायचा धीर झाला नाही तुम्हाला. पण पोटातलं ओठावर आलंच ना? नाव नाही घेतलंत, चेहरा सांगितलात. आता माघार घेऊ नका."

"त्यो हिंदी बोलत होता, बाय."

"मुंबईत कोण बोलत नाही?"

कमळ जितकं जास्त बोलली तितकं ते आत्याचं बोलणं वाटत गेलं. कृणाल माझा कुणी नसता तर माझा शब्द खरा धरला असता, हे तिच्या लक्षात आलं. आणि तो माझा कुणी नसता तर तो कागदावर आलाच नसता, हेही. बाहेर पडायला दोनच दारं होती आणि दोन्हींना आतून तिनेच कडी घातली होती.

घरी परिस्थिती त्याहून वाईट. वाड्यात बातमी बोंबलाच्या वासासारखी पसरते, झाकून ठेवावी तितकी जास्त. अर्ध्या बाया म्हणायच्या, बिचारी म्हातारी चुकली. उरलेल्या अर्ध्या म्हणायच्या, तोंडवळ्याच्या बाबतीत कमळ चुकेल? पाळण्यातल्या पोराचं सांगते ती. म्हणजे होता तोच. तिची सारी कीर्ती आता तिच्या भाच्याच्या गळ्याशी आली होती. ती गल्लीतून गेली की ओटे गप्प व्हायचे. तिने पाटी घेऊन बाहेर पडणं सोडलं. खोलीतच बसून राहायची, आणि मधल्या भिंतीतून भावजय दिपालीचं रडणं ऐकत राहायची. ते रडणं थांबायचं तेव्हा जास्त भीती वाटायची.

तिसऱ्या दिवशी दिपाली दारात आली. आत आली नाही.

"वन्सं, तुमचा राग कुनावर होता?"

"राग कशाला असंल गं? मी त्याला मांडीवर वाढवला."

"मंग आमच्या घरातला एकेक अवयव उचलून पोलिसांना कशाला दिला?"

प्रश्न अगदी बरोबर होता.

हरेश्वर तर बोलतच नव्हता. वकिलाकडे जायचा, यायचा, आणि बहिणीच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. तिच्या बापाचं घर होतं हे. त्यात ती आता पोलिसांच्या बाजूची साक्षीदार होती.

खोलीत बसून कमळने तो लिफ्टमधला माणूस शोधायला घेतला. डोळे मिटायची आणि शब्द उच्चारायची. असं करता करता तिला जे कळलं ते शिकलेल्या माणसालाही चटकन कळलं नसतं. गिऱ्हाईक 'मछली' म्हणालं की तिला ताटातला तुकडा दिसतो, तळलेला, वर लिंबू. घरात कुणी 'मावरा' म्हणालं की दिसतं ओलं जाळं, बापाचे हात, होडीतला चमकता ढीग. तसंच याचं. नाक मराठीत नाक आणि हिंदीतही नाकच, शब्दात तसूभर फरक नाही. पण हिंदीतलं नाक बाजारातलं असतं, कुणाचंही असू शकतं. घरातलं नाक कुणाचं तरी असतं. तिला जन्मभर घरच्या भाषेत दिसली होती ती घरचीच माणसं. त्या भाषेत परक्याला ठेवायला जागाच नव्हती. तो माणूस तिला भेटला हिंदीत, "मौसी" म्हणाला हिंदीत, आणि तिथेच कुठेतरी तो असणार.

ती उठली आणि पुन्हा ठाण्यात गेली.

"मना पुन्यांदा चित्र काढायचा हाय," ती सावंत मॅडमना म्हणाली. "हिंदीत. त्या सरांना बोलवा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या मनातही काही सलत असावं. कृणालच्या घरात बांगड्या सापडल्या नव्हत्या, त्याच्याकडे निळा सदरा नव्हता आणि नऊ-नऊ तास विचारूनही पोरगं एकच गोष्ट सांगत होतं. सुगंधाबाईंनी डोळे उघडले होते, पण त्यांना तो सगळा आठवडाच आठवत नव्हता. मॅडमनी घाटकोपरला फोन लावला.

पुन्हा तीच खोली, तेच गठ्ठे. हर्षदसर समोर बसले आणि त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

"बोलो, मौसी."

कमळने डोळे मिटले. "नाक," ती म्हणाली, आणि थांबली. लिफ्ट दिसली. एवढासा दिवा दिसला. निळा सदरा, घाम, पाटीला लागलेला हात. आणि सदऱ्याच्या वर, गळ्यावर ठेवल्यासारखा, कृणाल. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. "घबराओ मत," कृणाल म्हणाला, त्याच्या घरच्या आवाजात नाही, दुसऱ्याच्या आवाजात. ती घाबरली. पुन्हा प्रयत्न केला. आँख, कृणाल. कान, कृणाल. गेले सहा दिवस तिने ते चित्र भिंतीवर बघितलं होतं, पेपरात बघितलं होतं, झोपेत बघितलं होतं. त्या चित्राने आत जाऊन खऱ्या माणसाला बाहेर काढलं होतं आणि त्याच्या जागी स्वतः पाटी उतरवायला हात पुढे केला होता.

"क्या हुआ?" सरांनी विचारलं.

"नहीं आता," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "वो गया. मेरे भीतर में अब मेरा बच्चा ही खड़ा है."

मॅडम उठून दाराकडे गेल्या. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. हिंदीतही तोच येतो म्हणजे तोच असणार.

हर्षदसर मात्र बसून राहिले. मग त्यांनी वहीची पानं उलटी चाळली आणि एक कागद काढला. पहिलं चित्र. सावंत मॅडमनी नाकारलेलं, बसथांब्यावर मिळेल असं. चित्रकार माणूस, फाडून टाकणं जिवावर येतं म्हणून राहिलं होतं.

"मौसी, ये आपने पहले बताया था. ये था क्या?"

कमळने कागद हातात घेतला. तिने त्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. लहान, थोडं चपटं नाक. मोठे केलेले डोळे. तिला काहीच वाटलं नाही. आयुष्यात कधीही न बघितलेला माणूस होता तो. कुणाचं कपाळ नाही, कुणाची हनुवटी नाही. ज्याचा तोंडवळा तिला कुणालाच परत करता आला नसता असा.

तिच्या डोळ्यांपुढे जो होता तो कृणाल होता आणि हातातल्या कागदावर ज्याला खरा म्हणायचं होतं त्याला ती ओळखत नव्हती. डोळ्यांवर विश्वास ठेवावा तर पोरगा जातो. न ठेवावा तर उभा जन्म ज्या एका गोष्टीवर ती जगली तीच खोटी ठरते. आणि चुकून हा कागदावरचा कुणी निरपराध निघाला तर? त्याचीही कुणी आत्या असेल. कमळने जीव खाऊन एकच गोष्ट आठवली: पहिल्यांदा हिंदीत हे नाक-डोळे सांगताना तो समोर उभा होता. दिसत नव्हता आता, पण तेव्हा होता. तेवढ्यावर तिने हात ठेवला.

"यही था," ती म्हणाली.

"नक्की?" मॅडम दारातून वळल्या. "मावशी, मागच्या वेळीपण नक्की म्हणाला होतात."

"तवा मना दिसत होता म्हनून बोलली. आता दिसत नाय तरी बोलतंय. लिवून घ्या."

मॅडम दारातून परत येऊन बसल्या. खोटं बोलणारा साक्षीदार आजवर कुणी असं म्हणाला नव्हता. त्यांनी पुरवणी जबाब लिहून घेतला आणि तो बसथांब्यावरचा माणूस उपनगरातल्या सगळ्या ठाण्यांना पाठवला, फारशी आशा न ठेवता.

चार दिवसांनी मुलुंडच्या एका इमारतीत पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला लोकांनी धरलं. म्हातारीच्या गळ्यातलं ओढताना. ठाण्यातल्या हवालदाराला भिंतीवरचा कागद आठवला. मानखुर्दला त्याच्या खोलीत सुगंधाबाईंच्या दोन बांगड्या निघाल्या, त्यांच्या आतल्या बाजूला सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. त्याने सगळं कबूल केलं. लिफ्टमधल्या मासेवालीचं त्याने स्वतःहून सांगितलं.

मॅडमनी कमळला त्याचा फोटो दाखवला. लहान, थोडं चपटं नाक. मोठे डोळे.

"हाच ना?"

"तुमी म्हनता तर असंल," कमळ म्हणाली. फोटोतल्या माणसाबद्दल तिच्या आत पानही हललं नाही.

कृणाल सुटला त्या दिवशी वाड्यात फटाके लागले. ज्या बाया गप्प व्हायच्या त्याच आता ओट्यावरून हाका मारत होत्या. दिपालीने कमळच्या दारात येऊन, या खेपेला आत येऊन, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वन्सं, मी नको ते बोलली." हरेश्वरने बारा दिवसांनी पहिल्यांदा बहिणीकडे सरळ बघितलं आणि पापलेटांची पिशवी तिच्या चुलीपाशी ठेवली. पोराला आत्याच्या हातचंच लागतं, तो म्हणाला आणि ताटं काढायला लागला. कमळने मसाला वाटायला घेतला. छातीवरचा दगड उतरला होता. भिंतीपलीकडे हसणं होतं. आता सगळं पहिल्यासारखं होणार होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. कृणाल आला होता. गालांवर दाढीची नुसती खुंटं. अंगावर कुणीतरी आणून दिलेला नवा सदरा. तो उंबरठ्याशी थांबला आणि हसला, लिफ्टमधला माणूस हसला होता तसा.

कमळचा वरवंटा थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला, परक्या घरात घ्यावा तसा.

"आओ बेटा," ती म्हणाली. "अंदर आओ."

कृणालने मागे वळून बघितलं, आपल्याबरोबर आणखी कुणी आलंय का म्हणून. मागे कुणी नव्हतं. हरेश्वरने हातातलं ताट खाली ठेवलं.

"आत्या," कृणाल म्हणाला, "मी हाय. कृणाल."

"मालूम है," कमळ म्हणाली.